तीन पूर्णांक पंधरा छेद सोळा

मंगळवारी आमच्या नव्या घराचं फायनल इन्स्पेक्शन नापास झालं. घर गळलं नाही, खचलं नाही, वायरिंगमधून ठिणगीसुद्धा उडाली नाही. नापास झालं ते पाटीवरून. इन्स्पेक्टरच्या टॅबलेटवर लाल अक्षरात 'फेल्ड' उमटलं आणि तसा ईमेल मला, कॉन्ट्रॅक्टरला आणि का कोण जाणे बायकोलाही गेला. तिने तो ऑफिसच्या मीटिंगमधे वाचला आणि मला फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ मला चांगला कळतो.

तर मामला असा की आम्ही राहतो बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, आणि आईबाबांसाठी मागच्या अंगणात वेगळं छोटं घर बांधलं. इथे त्याला एडीयू (ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट) म्हणतात आणि गेल्या काही वर्षांत आपल्या महाराष्ट्र मंडळात हवापाण्याऐवजी याच विषयावर बोलतात. कॅलिफोर्नियात घरांची एवढी बोंब आहे की २०२० पासून राज्याने कायदे सैल करत नेले. शेजाऱ्यांची सुनावणी नाही, सिटीने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, ६० दिवसांत निकाल द्यायचा, मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून ४ फूट सोडले की झालं, आणि ७५० स्क्वेअर फुटांच्या आत राहिलात तर इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा शहराच्या सोयींवर पडणारा भार म्हणून घेतात ती) माफ. म्हणून ज्याला विचाराल त्याचं घर ७४९, बाटाच्या चपलेच्या किमतीसारखं. आमचंही ७४९च आहे.

ऐकायला छान वाटतं. फक्त ते ६० दिवस 'पूर्ण' अर्ज आल्यापासून मोजायचे असतात, आणि अर्ज पूर्ण आहे की नाही हे कोण ठरवणार, तर सिटीच. एकदा म्हणाले सोलरचा कागद नाही (नवीन बांधलंय ना, मग सोलर लागतं). तो दिला तर म्हणाले नकाशावर झाड दाखवलेलं नाही. झाड शेजाऱ्याचं होतं हो! असो, त्यात शिरलो तर लेख तिथेच संपेल.

बाबा. बाबा मूळचे जुन्नरचे, सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. खात्यातून बाबा गेले पण बाबांमधून खातं गेलेलं नाही. इथे आल्या आल्या त्यांनी कॉन्ट्रॅक्टरने उभ्या केलेल्या लाकडी स्टडवर, म्हणजे भिंतीच्या खांबांवर, बोटाने टकटक केलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे सेंटरिंग आहे ना, स्लॅबखालचा तात्पुरता आधार? काढणार ना नंतर?" हेच घर आहे म्हटल्यावर दोन दिवस ते माझ्याशी बेताचंच बोलले. नंतर भूकंपाच्या भागात लाकूड का चालतं, पायाला अँकर बोल्ट कसे बांधतात हे कॉन्ट्रॅक्टरकडून खाणाखुणांनी समजून घेतलं आणि एका वहीत आकृत्यांसकट उतरवलं. त्या वहीला ते मेजरमेंट बुक म्हणतात, खात्यात झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही असते तसं. कॉन्ट्रॅक्टरला त्यावर सही करायला लावत. तोही बिचारा करायचा.

पाटी बाबांनी आणलेली. पुण्याला तांबट आळीत जाऊन, स्वतः उभं राहून करून घेतलेली, सागवानी फळीवर पितळी आकडे, ४१७ आणि पुढे ब. पुढचं घर ४१७, म्हणून सिटीने मागच्याला ४१७ बी दिलेला. हँडबॅगेतून आणली, मुंबईला सिक्युरिटीवाल्याने उघडायला लावली, बघितली आणि म्हणे "छान आहे". हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या पाटीला कोणीतरी छान म्हणाल्याची ही शेवटची नोंद आहे.

इन्स्पेक्टर तरुण, नम्र, कमरेला टेप. स्मोक अलार्म दाबून बघितला, तो कोकलला. बाथरूमच्या प्लगमधे टेस्टर घातला, ट्रिप झाला. बेडरूमची खिडकी मोजली, आग लागली तर माणूस त्यातून बाहेर पडला पाहिजे म्हणून. बाबा मागे हात बांधून त्याच्या मागे मागे. अख्खी नोकरी ठेकेदार बाबांच्या मागून असे हिंडले, आता बाबा हिंडत होते, पण चेहरा मात्र साहेबाचाच. प्रत्येक गोष्ट पास झाली की मान डोलवायचे, जणू यांच्या संमतीनेच चाललंय. सगळं आटोपून तो बाजूच्या गेटपाशी आला, जिथे रस्त्यावरून दिसावी म्हणून पाटी लावली होती, आणि थबकला.

"हे डेकोरेशन आहे का?"

"नंबर," बाबा म्हणाले.

त्याने मान तिरकी केली. "एट... नाइन... सिक्स?"

आता हे मला मान्य करायला जड जातं, पण तुम्हीही एकदा त्याच्या डोळ्यांनी बघा. ४ हा ओपन राहिलेला एट आहे, १ म्हणजे नाइन, आणि ७ हा कुठल्याही बाजूने सिक्सचाच भाऊ.

"फोर वन सेव्हन," बाबा. "बी."

त्याने 'ब'कडे बघितलं. "ओह. मला वाटलं हा लोगो आहे."

मग त्याने फार शांतपणे समजावलं की उद्या इथे आग लागली, फायर इंजिन आलं, तर ते लोक ८९६ शोधत पुढच्या चौकात जातील. बाबा म्हणाले, मी फोनवर नीट पत्ता सांगीन की. तो म्हणाला, सर, तुम्ही बेशुद्ध असलात तर? बाबा म्हणाले, माझी मिसेस सांगेल. तो म्हणाला, त्याही बेशुद्ध असल्या तर? आतून आई ओरडली, "काय म्हणतोय तो माझ्याबद्दल?" मी म्हटलं काही नाही, चहा टाक.

इथे प्रकरण मिटलं असतं. पण त्याने टॅबलेटवर कोड काढला आणि वाचून दाखवलं: पत्त्याचे आकडे 'अ‍ॅरेबिक' असावेत किंवा वर्णमालेतली अक्षरं असावीत, उंची किमान ४ इंच, रेघेची जाडी अर्धा इंच, आणि मागच्या रंगावर उठून दिसणारे.

अ‍ॅरेबिक. बाबांच्या कानाची पाळी लाल होताना मी त्याआधी एकदाच बघितली होती, माझ्या बारावीच्या गणिताच्या वेळी.

"व्हॉट अ‍ॅरेबिक? दे टुक फ्रॉम अस!"

आणि सुरू. गेटपाशी, उन्हात. की आमच्या जुन्नरजवळ नाणेघाट आहे, तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, यज्ञात किती गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी), सगळं आकड्यांत कोरलेलं. की ग्वाल्हेरच्या देवळात ८७६ सालचं शून्य आहे, गोल, आजच्यासारखं. की इथूनच आकडे बगदादला गेले, नवव्या शतकात तिथल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने त्यावर ग्रंथ लिहिला तोसुद्धा 'हिंदू' आकडेमोड म्हणून, की इटलीच्या फिबोनाची या गणितज्ञाने १२०२ मधे युरोपला शिकवलं आणि त्यानेही स्वच्छ लिहून ठेवलंय की हे इंडियन्सचे नऊ आकडे. तुमचा कोड वाचतो कोण, लिहितो कोण! यातलं निम्मं इंग्रजीत होतं, निम्मं मराठीत, 'कार्षापण' दोन्हीत.

इन्स्पेक्टरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, आय अ‍ॅम फ्रॉम फ्रेझ्नो."

फ्रेझ्नो म्हणजे इथलंच, कॅलिफोर्नियातलं शहर. याला उत्तर नाही. बाबांनाही सुचलं नाही. ती शांतता भरायला म्हणून असेल, त्याने टेप काढला आणि पाटीला लावला. तीन पूर्णांक पंधरा छेद सोळा इंच. म्हणजे, तो जरा दिलगिरीच्या सुरात म्हणाला, आकडे बरोबर असते तरी एक छेद सोळाने कमी पडतात.

बाबांनी वही उघडली. उंची १०० मिमी, तांबट आळीत मोजून घेतलेली, तारखेसह. ४ इंच म्हणजे १०१.६. दीड मिलिमीटर! "आमच्या खात्यात एवढ्यासाठी कोणी बिल अडवलं नसतं," बाबा मला मराठीत म्हणाले. हे खरंच आहे, कारण आमच्या गावच्या पुलाची बिलं दीड मीटरसाठीसुद्धा कोणी अडवलेली नाहीत, पण ती वेळ नव्हती. "जाडी बघा," बाबा त्याला म्हणाले. त्याने जाडी मोजली. अर्धा इंच, चोख. बाबा माझ्याकडे वळून विजयी चेहऱ्याने म्हणाले, "जाडी पास."

आता माझी तक्रार. मी त्याला म्हटलं, हार्डवेअरचं दुकान चौकात आहे, मी आत्ता प्लॅस्टिकचे आकडे आणतो, ड्रिल हातात आहे, दहा मिनिटं थांब. तर म्हणे आजचा स्लॉट संपला, रीइन्स्पेक्शन बुक करा. मग फाडली रीइन्स्पेक्शनच्या फीची पावती. गेटपाशी उन्हात उभं राहून नाणेघाटाचा शिलालेख ऐकायला वेळ होता, चार स्क्रू पिळेपर्यंत नव्हता! आणि रीइन्स्पेक्शनची वेळ सकाळी ८ ते दुपारी ४ यांच्या मधे केव्हाही, घरी कोणीतरी हवं, म्हणजे मी हवा, म्हणजे सुट्टी गेली. वीज कंपनीचा वेगळा मीटर अजून 'प्रोसेस'मधे आहे त्याचं तर कोणी नावच काढत नाही.

त्यात लोक. मंडळात ज्याला सांगावं तो पहिला प्रश्न विचारतो, "रेंट किती येईल?" अरे आईबाबा राहणारेत. "हो हो, पण रेंट किती येईल?" परवा कुंपणापलीकडच्या काकांनी (झाडवाले तेच) बाबांना भाडेकरू समजून हळूच विचारलं, मालक बरा आहे का. बाबा म्हणाले, "सो-सो."

खरी गोष्ट अशी की टूरिस्ट व्हिसावर आईबाबा साधारण सहा महिने राहू शकतात, मग जायचं. उरलेले सहा महिने घर रिकामं. ३० दिवसांपेक्षा कमी भाड्याने देता येत नाही, जास्त दिलं तर बाबा परत येतील तेव्हा भाडेकरू निघेल याची खात्री नाही, आणि हप्ता मात्र बारा महिने. हे कोणाला सांगायला गेलं की लोक पुन्हा रेंटवर येतात.

बरं, कायद्याने हे वेगळं घर कशामुळे, तर त्याला स्वतःचं स्वयंपाकघर आहे म्हणून. सिंक, शेगडी, ओटा. पुन्हा शेगडी इंडक्शन. आईची आवडती ॲल्युमिनियमची कढई त्यावर तापत नाही, आणि वांगं भाजायला ज्वाळा नाही. त्यामुळे आई रोज आमच्याकडे येते, आमच्या गॅसवर वांगं ठेवते, पोळ्या फुगवते, खिडक्या उघडायला विसरते, आमचा स्मोक अलार्म कोकलतो. ७४९ स्क्वेअर फुटांतलं स्वतंत्र स्वयंपाकघर सध्या बाबांच्या वह्या ठेवायला वापरात आहे.

बाबांनी काल रात्री पत्र लिहायला घेतलं. विषय: निवासी इमारतींवरील अंकांचे मूळ व त्यासंबंधी झालेल्या अन्यायाबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. चार पानं झाली आहेत, नाणेघाट दुसऱ्या पानावर येतो. कोडचं पुस्तक कोण छापतं, गव्हर्नरला 'महोदय' चालेल का, प्रत माहितीस्तव कोणाकोणाला, असं मला विचारत होते. इंग्रजी भाषांतर मीच करायचं, प्रिंटही मीच काढायच्या. रीइन्स्पेक्शनची फी कोणी भरायची याबद्दल मात्र चारही पानांत चकार शब्द नाही.