बारावीनंतर थेट जपान? त्या मेसेजमधला एकेक दावा

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: "तीन महिन्यांत जपानी शिका, एन५ पास व्हा, सप्टेंबरात जपान. शिकता शिकता महिना दीड लाख रुपये कमवा, फी त्यातूनच सुटते. डिग्रीत वर्षं घालवू नका. सोलापुरात राहून काही होत नाही." खाली ॲडव्हान्सचा आकडा. भाषा शिकायला आमचा विरोध नाही, उलट इथल्या जास्तीत जास्त पोरांनी शिकावी असं मनापासून वाटतं. म्हणूनच हा मेसेज खोडून काढायला हवा.

"तीन महिन्यांत एन५, सप्टेंबरात जपान." तारखा मांडून बघा. जेएलपीटी ही जपानीची प्रमाण परीक्षा, एन५ ही तिची सगळ्यात खालची पातळी आणि एन१ सगळ्यात वरची. ही परीक्षा वर्षातून दोनदाच होते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. जुलैचे अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारासच भरून होतात, म्हणजे बारावीचा निकाल येईपर्यंत ती संधी गेलेली असते. उरली डिसेंबरची परीक्षा. तिचा निकाल जानेवारीअखेर. तिकडच्या भाषाशाळांचा मुख्य प्रवेश एप्रिलचा. त्याची कागदपत्रं मात्र आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच द्यावी लागतात, कारण शाळा ती इमिग्रेशन खात्याकडे पाठवते आणि तिथून 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी', म्हणजे व्हिसासाठी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र, यायला दोन-तीन महिने जातात. ते हातात आल्यावर मग व्हिसाचा अर्ज. नॅट-टेस्ट ही जपानीची दुसरी परीक्षा वर्षातून जास्त वेळा होते आणि बऱ्याच शाळा ती धरतात, हे खरं. पण त्यामुळे इमिग्रेशनचं वेळापत्रक बदलत नाही. मे-जूनमध्ये हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ अक्षरं, गिरवायला बसलेला मुलगा फार लवकर म्हटलं तरी पुढच्या वर्षीच निघतो.

एन५ तशी सोपी, पण तिच्यात एक खाच आहे आणि ती क्लासवाले फारशी सांगत नाहीत. एकूण १८० गुण, पास व्हायला ८०. शिवाय शब्द-व्याकरण-वाचनाच्या १२० पैकी किमान ३८ आणि श्रवणाच्या ६० पैकी किमान १९ वेगवेगळे मिळवावे लागतात. कुणाला ८५ अधिक १७ असे १०२ गुण पडले, तर बेरीज भरपूर असूनही तो नापास. पोरं अडकतात ती इथेच. फळ्यावर कांजी (जपानीतली चिनी चिन्हं) होते, व्याकरणाच्या नोट्स होतात, पण कान तयार होत नाही, आणि परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. उपाय पहिल्या महिन्यापासून करायचा: रोज वीस मिनिटं, आधी मजकूर न बघता ऐकायचं, मग मोठ्याने म्हणायचं, शेवटी मजकूर उघडायचा. जेएलपीटीच्या वेबसाइटवर नमुना प्रश्न ऑडिओसकट मोफत आहेत. ते घड्याळ लावून सोडवा. सोलापूरकरांना सोयीचं केंद्र पुण्याचं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने वेळेवर पोहोचू असं धरून चालू नका, आदल्या दिवशी मुक्कामाला जा.

"महिना दीड लाख कमवा." विद्यार्थी व्हिसावर आधी कामाची परवानगी काढावी लागते, आणि मर्यादा आठवड्याला २८ तासांची. महिन्याचे साधारण १२० तास. ताशी ११०० येन धरले तर १,३२,००० येन, म्हणजे पंचाहत्तर हजार रुपयांच्या आसपास. आता खर्च बघा. भाषाशाळेची फी वर्षाला ७ ते ८ लाख येन, म्हणजे महिन्याला साठ-पासष्ट हजार येन. वाटून घेतलेली खोली तीस-चाळीस हजार येन. घरी रांधून खाल्लं तरी जेवणाचे पंचवीस-तीस हजार येन. विमा, मोबाइल, प्रवास अजून धरलेलाच नाही आणि कमाई संपली. त्यातून फी सहा महिन्यांची किंवा वर्षाची आगाऊ भरायची असते, आणि एन५ वर दुकानाच्या काउंटरवर कुणी उभं करत नाही. पॅकिंग नाहीतर सफाईचं काम मिळतं, तेही लगेच मिळेलच असं नाही. (मोठ्या सुट्टीत रोज आठ तासांपर्यंत मुभा असते, पण ती तेवढीच.) दीड लाखासाठी दुप्पट तास राबलात तर व्हिसा वाढवताना ते उघड होतं आणि मुलाला परत यावं लागतं. याच मेसेजच्या काही आवृत्त्यांत कोरियाचं नाव असतं. तिथे भाषा शिकायच्या डी-४ व्हिसावर पहिले सहा महिने कामच करता येत नाही.

सगळ्यात घातक वाक्य डिग्रीचं. भाषाशाळेत जास्तीत जास्त दोन वर्षं राहता येतं. त्यानंतर ऑफिसातल्या, इंजिनिअरिंगच्या किंवा दुभाष्याच्या नोकरीचा व्हिसा हवा असेल तर पदवी लागते, नाहीतर जपानमधल्याच व्यावसायिक कॉलेजचा डिप्लोमा. म्हणजे आणखी दोन वर्षं, आणखी फी. बारावीवर गेलेला मुलगा चांगली भाषा येऊनसुद्धा या दारात अडतो. तोच मुलगा सोलापुरात बीकॉम किंवा इंजिनिअरिंग करता करता आठवड्याला सात-आठ तास देत एन३ पर्यंत आला, तर त्याच्यासमोर दार उघडं असतं.

सोलापुरात राहून काही होत नाही म्हणता? शहराच्या पूर्व भागातली पोरं घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलत वाढतात, अक्कलकोटकडची कन्नड-मराठी. या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्यय लागतो, तसंच जपानी आणि कोरियनमध्ये. इंग्रजीतून शिकवणारं पुस्तक ज्या रचनेवर पानंच्या पानं खर्च करतं, ती इथल्या मुलाच्या जिभेवर आधीच असते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ साली ते चीनला गेले ते डॉक्टर होऊन. चिनी भाषा तिथे शिकले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवलं.

भाषेतच पदवी हवी असेल तर पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी आहे. दिल्लीच्या जेएनयूमध्ये जपानी, चिनी, कोरियन तिन्हींत बीए ऑनर्स आहे, प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून. जपानी विषय घेऊन पदवी करणाऱ्यांना जपान सरकारची एक वर्षाची 'जॅपनीज स्टडीज' शिष्यवृत्ती असते. अर्ज दूतावासामार्फत, आणि अर्जाला फी नाही. तो भरून देतो म्हणून कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

आणि ॲडव्हान्स भरायचाच असेल, तर आधी भाषाशाळेचं नाव लेखी घ्या, ती जपान सरकारच्या मान्य यादीत आहे का बघा, फी थेट शाळेच्या खात्यात जाते का विचारा, आणि सर्टिफिकेट नाकारलं गेलं तर किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल ते पावतीवरच लिहून मागा.