‘छाती दुसऱ्यांदा उघडली की संपलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मतलब असा: जन्मतः हृदयात दोष असलेल्याचं एक ऑपरेशन झालं असेल तर दुसरं करू नका, पहिलं फसलं म्हणूनच दुसरं सांगतात, छाती पुन्हा उघडली की माणूस वाचत नाही, त्रास नसेल तर तपासणीही नको, अर्जुनाच्या सालीचा काढा घ्या.

‘पहिलं फसलं’ यापासून सुरू करू. साधं छिद्र असेल तर बहुधा एकाच ऑपरेशनवर भागतं. पण टेट्रालॉजी ऑफ फॅलोचं (हृदयात छिद्र, शिवाय फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, असा जन्मजात दोष) तसं नाही. त्यात फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करताना अनेकदा झडप कापून पॅच लावावा लागतो. निळं पडणारं बाळ त्यामुळे जगतं, मोठं होतं, पण झडप गळकी राहते. पुढे कधीतरी नवा व्हॉल्व्ह लागतो. काही बाळांना फुफ्फुसाकडे रक्त न्यायला बसवलेली कृत्रिम नळी तर बाळाबरोबर वाढतच नाही. आणि ज्यांच्या हृदयात एकच कप्पा नीट काम करतो, त्यांची ग्लेन आणि फॉन्टन ही ऑपरेशनं टप्प्याटप्प्याने करायची हे सुरुवातीलाच ठरलेलं असतं.

दुसऱ्यांदा छाती उघडण्यात धोका आहे, हे खरं. आत सगळं चिकटलेलं असतं, उजवा कप्पा कधी थेट छातीच्या हाडाला, आणि हाड कापताना त्याला इजा होऊ शकते. म्हणूनच आधी सीटी स्कॅन करून अंतर बघतात. गरज वाटली तर जांघेतल्या रक्तवाहिन्यांत नळ्या घालून हार्ट-लंग मशीन आधीच तयार ठेवतात. अनुभवी केंद्रांत फॅलोच्या रुग्णांना नंतर व्हॉल्व्ह बसवताना शंभरात साधारण एक जण दगावतो. फॉन्टन झालेल्यांचा, लिव्हर-किडनी थकलेल्यांचा धोका याहून बराच जास्त; तिथे सर्जनला स्पष्ट आकडा विचारावा. शिवाय 2000 सालापासून काहींना जांघेच्या शिरेतून, छाती न उघडता व्हॉल्व्ह बसवता येतो. सगळ्यांना तो चालत नाही.

मला सगळ्यात घातक वाटतं ते ‘त्रास नसेल तर जाऊ नका’. गळक्या झडपेमुळे उजवा कप्पा वर्षानुवर्षं गुपचूप फुगत जातो. लहानपणापासून तेवढ्याच दमावर जगलेल्या माणसाला आपण दमतोय हेच कळत नाही. एमआरआयवर हा कप्पा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 150-160 मिलिलिटरच्या पुढे गेला, तर व्हॉल्व्ह बसवूनही तो मूळ आकाराला येईलच असं नाही. आणि आपल्याकडे नेमकी अठरानंतरच्या वयात तपासणी सुटते. शाळेत तपासणीला येणारी आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) योजना अठराव्या वर्षापर्यंतच. जत-आटपाडीचा पोरगा कामाला पुण्याला जातो, फाईल गावी कपाटात. मुलीचं तर ऑपरेशनच लग्न ठरवताना लपवतात (व्रण दिसतो, तरी!), मग गरोदरपणात धाप लागली की इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो. अशा उशिरा आलेल्या रुग्णाचं काही बरंवाईट झालं, की गावात बोलतात, ‘दुसऱ्या ऑपरेशननं गेला.’

राहिला काढा. छोटी व्हीएसडीची (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातली) छिद्रं पहिल्या काही वर्षांत अनेकदा आपोआप बुजतात. त्या काळात घरात काढा चालू असला की श्रेय त्याला मिळतं. कापलेली झडप मात्र कुठल्याच काढ्याने परत येत नाही.