3 वर्षं गप्प बसलं की कर्ज माफ होतं, हे खोटं आहे

गेले दोन आठवडे एकच मेसेज फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, गावच्या मंडळाच्या ग्रुपवर पण. थोडक्यात असा: पर्सनल लोनला तारण नसतं म्हणून बँक काही करू शकत नाही, कोर्टाची नोटीस हातात घेऊच नका, 3 वर्षं काढा की कर्ज रद्द, आणि फारच त्रास झाला तर ग्राहक कोर्टात जा, वसुली बंद. मी फोर्टला एका वकिलांकडे कारकुनी करते, अर्धा दिवस सिटी सिव्हिल कोर्टात जातो, आणि असल्या मेसेजवर विसंबलेली माणसं आमच्याकडे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून लिहितेय.

आधी ते "नोटीस घेऊ नका", कारण घरं याच वाक्याने बुडतात. आमच्या भांडुपच्या चाळीतल्या एका काकांचं सांगते, त्यांना विचारूनच. एका फायनान्स कंपनीचं 1 लाख 80 हजारांचं लोन, नोकरी गेली, हप्ते चुकले. बेलिफ, म्हणजे कोर्टाचे कागद घेऊन येणारा माणूस, दोनदा येऊन गेला, काकूंनी दोन्ही वेळा "घरात नाहीत" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने समन्स दाराला चिकटवलं, काकूंनी ते रात्री ओल्या फडक्याने खरवडून काढलं, तोरणाखाली त्या खळीचा डाग अजून दिसतो. पण समन्स बजावलं गेलं होतं. पोस्टाचं पाकीट "नको" म्हणून परत पाठवलंत तरी तेच, पोस्टमन शेरा मारतो आणि कोर्ट ते मिळालं असंच धरतं. दावा समरी सूट होता, म्हणजे झटपट चालणारा दावा, समन्स बजावल्यापासून 10 दिवसांत हजेरी लावायची, नाही लावली की दाव्यात लिहिलंय ते खरं धरून डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल. तशी झाली. आणि जीव कशाने तुटतो सांगू, काकांकडे 4 हप्ते भरल्याच्या पावत्या होत्या ज्या कंपनीच्या हिशोबात कुठेच नव्हत्या, शिवाय दंडावर परत व्याज चढवलेलं, जे अशा कर्जांवर रिझर्व्ह बँकेने 2024 पासून बंद केलंय. हे सांगायला कोर्टात कोणी उभंच नव्हतं. आता एकतर्फी डिक्री रद्द करायचा अर्ज केलाय, पण इतके दिवस का आला नाहीत याचं कारण कोर्टाला पटवावं लागतं, आणि दारावरचा कागद आपणच काढला हे कुठल्या तोंडाने सांगणार?

3 वर्षांचं अर्धं खरं आहे म्हणून जास्त फसवतं. 1963 च्या मुदत कायद्यात अशा पैशांच्या दाव्याला साधारण 3 वर्षंच आहेत, पण ती दावा लावायची मुदत, कर्ज त्याने पुसलं जात नाही. मुदतीच्या आत "पुढच्या महिन्यात देतो" असं सहीनिशी लिहून दिलंत, किंवा 500 रुपये भरून त्याच्या कागदावर सही केलीत, की 3 वर्षं पुन्हा पहिल्यापासून. आणि एकदा डिक्री झाली की ती वसूल करायला त्यांना 12 वर्षं मिळतात. मुदत खरंच संपली असेल तर तेही कोर्टात जाऊन तारखांसकट दाखवा ना.

तारण नाही म्हणून घराला थेट सील ठोकता येत नाही, बरोबर. पण डिक्रीवर पगार आणि खातं जप्त होतं. काकांना नवी नोकरी लागली आणि चौथ्या महिन्यात एचआरने बोलावून जप्तीचा हुकूम हातात दिला. यालाही मर्यादा आहे बरं का, पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात, म्हणजे 25,000 पगार असेल तर जास्तीत जास्त 8,000 कापता येतात. पीएफला, अंगावरच्या कपड्यांना, स्वयंपाकाच्या भांड्यांना, मंगळसूत्राला हात लावता येत नाही. ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच सांगितलंय. मात्र चेक बाउन्स झाला तर कलम 138 ची केस फौजदारी असते, 2 वर्षांपर्यंत शिक्षा, आणि हप्त्याचा ऑटो-डेबिट परत गेला तरी 2007 च्या कायद्यात तसंच कलम आहे. अशा केसच्या आधी नोटीस येते, ती मिळाल्यावर पैसे भरायला 15 दिवस मिळतात, नोटीस न घेणारा तेही घालवतो.

ग्राहक आयोगात, म्हणजे मेसेजमधल्या ग्राहक कोर्टात, जरूर जा, बँकिंग ही सेवाच आहे, चुकीचे चार्जेस, छळ यावर 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण तिथे तक्रार टाकली म्हणून दिवाणी कोर्टातला दावा आपोआप थांबत नाही, दोन्हीकडे हजर राहावं लागतं. वसुली एजंटचा त्रास असेल तर त्याने सकाळी 8 च्या आधी नि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेला लेखी कळवा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फुकट आहे.

वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, बायकांना तर उत्पन्नाची अट पण नाही. आणि येताना नुसता आतला कागद आणू नका, पाकीटही आणा, त्यावरच्या शिक्क्याच्या तारखेवरून तुमचे 10 पैकी किती दिवस उरलेत ते आम्ही मोजतो.