शोधणाऱ्यास सापडू नये म्हणून

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एखाद्या देवस्थानाने महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या संस्थापक कुळांतील सभासदांची, नोंदवही संगणकावर आणण्याचे काम आपल्याकडे सोपवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमावलीपासून चालत आलेल्या व्यवस्थेत या वहीत कोणाचे नाव आहे यावर समितीच्या निवडणुकीतील मताधिकार ठरतो. तेव्हा ते नाव सहजासहजी सापडता कामा नये, हे आपल्यासारख्या सुज्ञांस सांगणे न लगे. डेटाबेस कोणीही तयार करील. खरी कसोटी शोधाच्या फॉर्मची आहे, कारण त्याच्यासमोर बसणार आहेत जत्रेसाठी मुंबईहून आलेल्या मावशी आणि कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) थेट उठून आलेले काका.

फॉर्मची आखणी करताना या मंडळींच्या डोक्यात काय असते, याचा विचार चुकूनही करू नये. त्यांना आजोबांचे नाव, घर आणि वांगड (म्हणजे महाजनांतील कुळाचा गट) एवढेच ठाऊक असते, आणि अशा तुटपुंज्या माहितीवर शोध लागू लागला तर आपल्या पदवीला अर्थ उरणार नाही. डेटाबेसच्या तक्त्यात सतरा रकाने असतील, तर फॉर्मवरही सतरा चौकटी याव्यात, आणि त्यांची नावे तक्त्यात आहेत तशीच, म्हणजे ‘एम_एनएम_२’ अशा थाटाची, ठेवावीत. महाजन अनुक्रमांकाची चौकट भरणे बंधनकारक करावे. तो अनुक्रमांक शोधण्यासाठीच माणूस आलेला असतो ही गोष्ट खरी, परंतु तयारी न करता येणाऱ्यांचे लाड किती करायचे?

नावांच्या बाबतीत गोव्याने आपल्यावर मोठे उपकार करून ठेवले आहेत. पोर्तुगीज लेखनात ‘के’ या अक्षराला जवळजवळ स्थान नसल्याने १९६१ पूर्वीच्या नोंदींत कामत हे ‘कामोतिम’ होऊन ‘सी’ने सुरू होतात, प्रभूंचे ‘पोरोबो’ होते, शेणवींचे ‘सिनाय’, आणि काकोडकरांच्या नावात तिन्ही ठिकाणी ‘सी’ बसतो. आजच्या आधार कार्डावर मात्र ‘के’ असतो. अशा वेळी अक्षरन् अक्षर जुळले तरच निकाल द्यावा. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत, टक्क्याचे चिन्ह वापरून नावाचा तुकडाही शोधता येतो, पण ते चिन्ह व्याजाच्या हिशेबासाठीच राखलेले बरे.

कोणी उच्चारसाम्याने शोध घेण्याचा आग्रह धरलाच, तर विनातक्रार साउंडेक्स बसवून द्यावे. अमेरिकेत १९१८ साली पेटंट मिळालेली ही पद्धत नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवते आणि पुढील व्यंजनांना आकडे देते. त्यामुळे प्रभू आणि पोरोबो या दोघांनाही ‘पी ६१०’ हाच संकेत मिळतो, आणि एवढ्या एका उदाहरणावर समिती प्रसन्न होते. कामतांना ‘के ५३०’ आणि कामोतिमांना ‘सी ५३५’ मिळतो, म्हणजे बापलेकांची भेट होण्याची शक्यता कायमची मिटते, हे प्रात्यक्षिकाच्या वेळी सांगण्याची गरज नाही. देवनागरीत तर कष्टही पडत नाहीत. ‘दळवी’ आणि ‘दलवी’ निराळे, ‘१४’ आणि रोमन आकड्यांतील चौदा निराळे, आणि नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागा हेही एक अक्षरच, एवढी तीन तत्त्वे पाळली की पुरे.

भोळ्या माणसाची अशी समजूत असते की अधिक माहिती दिली तर शोध अधिक नेमका लागेल. या समजुतीचा पुरेपूर उपयोग करावा. सर्व चौकटी ‘आणि’ने जोडाव्यात, म्हणजे मावशींनी आठवून आठवून घातलेला प्रत्येक तपशील त्यांच्या आजोबांना आणखी दूर ढकलील. त्यातच जन्मतारखेच्या चौकटींत ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा आधीच भरून ठेवाव्यात. जुन्या नोंदींत जन्मतारखेचा रकाना बहुधा रिकामाच असतो, आणि रिकाम्या रकान्याशी केलेली तुलना डेटाबेसच्या लेखी खरीही नसते, खोटीही नसते. त्यामुळे त्या सर्व नोंदी कोणालाही न दुखावता निकालातून बाहेर पडतात. हा बेत इतका सफाईदार आहे की मी स्वतः प्रथम तो अजाणतेपणी केला होता, आणि महिनाभर कोणाच्या लक्षातही आला नाही.

निकाल रिकामा आला की ‘नोंद अस्तित्वात नाही’ असे ठामपणे लिहावे. ‘या शब्दांनी सापडली नाही, आडनाव जुन्या पद्धतीने लिहून पाहा’ असे लिहिणे म्हणजे पेपर फोडणे होय. त्याच क्षणी भरलेल्या सतराही चौकटी आपोआप कोऱ्या झाल्या पाहिजेत, हे वेगळे सांगायला नको.

एवढे करूनही एक धोका उरतो, आणि तो कार्यालयाच्या कोपऱ्यातील टेबलामागे बसलेला असतो. जुने कारकून. मावशी दारात दिसताच ते चष्मा वर करून विचारतात, “तू कोणाची गो?” मावशी आजोबांचे नाव सांगतात; ते कोणत्या घरातले, वरच्या वाड्यावरचे की खालच्या, एवढेच ते आणखी विचारतात, जवळपास जुळणारी तीन नावे वाचून दाखवतात, आणि मावशी दुसऱ्या नावावर बोट ठेवतात. चौकट एकही नाही, बंधन एकही नाही, आणि न जुळणारे नावसुद्धा जुळते. हा गृहस्थ आपल्या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवणार, हे आपण ओळखले असेलच. त्यांच्याकडची वही आपण स्कॅन करण्याच्या निमित्ताने केव्हाच काढून घेतली असेल, परंतु तेवढ्याने निश्चिंत राहू नये. माझ्या अनुभवाप्रमाणे अशा माणसाने तीच यादी छापून, कामोतिमांपुढे पेन्सिलीने ‘कामत’ असे लिहून, टेबलाच्या खालच्या खणात ठेवलेली असते. फॉर्म सुरू होण्यापूर्वी त्या खणाला कुलूप घालावे, आणि किल्ली अनुक्रमांक सांगितल्याशिवाय कोणालाही देऊ नये.