आमचं २३७ आलं

काल जिन्यात तळमजल्यावरच्या काकांनी अडवलं. माझ्या एका हातात कलिंगड, दुसऱ्यात भाजीची पिशवी.

“वहिनी, तुमचं २३७ आलंय.”

सकाळीच रक्त तपासायला दिलेलं. पोटात धस्स झालं. “उपाशीपोटी?”

“उपाशीपोटी कसलं? अख्ख्या मे महिन्याचं!”

मग त्यांच्या हातातली विजेची बिलं दिसली. बिलं वाटणारा पोरगा अख्खा गठ्ठा काकांकडे टाकतो. काका आधी वाचतात, मग वाटतात. यावेळी लग्नपत्रिकेच्या पाठीवर बिल्डिंगची सरासरीही काढली होती. ११२ युनिटं.

“तुम्ही दुपटीच्या वर,” काका म्हणाले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची मुलगी खाली उतरली, तर तिच्यासाठी आकडा पुन्हा एकदा, खड्या आवाजात.

“गीझर किती वेळ?”

“काका, डोंबिवलीत, मे महिन्यात?”

“पंखे जुने असतील. जुना पंचाहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी तिसेक. सेटटॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करता का? नाही ना? आमचं बघा, ८८! शंभराच्या पुढच्या युनिटाला दर चढतो. नव्वद झाले की मी फ्रिज उघडू देत नाही.”

कलिंगड घसरायला लागलं होतं. सासूबाईंना रात्री उकाड्याने जीव घाबरा होतो, म्हणून एसी लागतो. आता हे जिन्यात, कॉलेजच्या पोरीसमोर, हिशेब दिल्यासारखं सांगायचं का? नाही सांगितलं. रागाने “बघते” म्हटलं आणि वर आले.

पण डोक्यातून जाईना. पत्रिकेवरची बेरीज मी उलटी वाचून ठेवली होती: १४५६. घरं बारा. त्यातली तीन बंद, पोरं परदेशी, बिलात नुसता स्थिर आकार. त्यांचीही शून्यं काकांनी सरासरीत घेतलेली. तरी बाराने भागून ११२ येईना. तेराने आलं.

तेरावं घर कुठलं?

काकांच्याच घरात दोन मीटर आहेत. एक त्यांच्या नावावर, दुसरा मुलाच्या. ८८ हा एकाचा. दुसऱ्याचे ९१, तेही पत्रिकेवर होतेच. म्हणजे फ्रिजला कुलूप लावून १७९!

राहत्या नऊ घरांनी भागलं तर सरासरी १६२ येते. काका वर. आम्ही तर आहोतच वर, त्याला इलाज नाही.

संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. पाकीट मी ओढणीखाली लपवून वर आणलं.