हॉटेलातलं मीठ आणि सरकार: फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर भागांतल्या मराठी घरांतल्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘न्यूयॉर्कमध्ये हॉटेलात मीठ घालायला बंदी झाली, घातलं तर हजार डॉलर दंड. आता हेच आपल्याकडे येणार. सराफ्यातल्या (रात्रीच्या खाऊबाजारातल्या) कारागिराच्या हातचं मीठ इन्स्पेक्टर मोजणार कसं? मीठ कमी केलं की चव गेली, धंदा बसला. ज्याला चालत नाही त्याने खाऊ नये. आपल्या उन्हात घामावाटे मीठ जातं, ते भरून काढावंच लागतं. फार तर सैंधव वापरा, त्याने रक्तदाब वाढत नाही.’

यातला एक मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे, तो त्याच्या जागी मान्य करू. बाकीचे टिकत नाहीत.

‘न्यूयॉर्कमध्ये बंदी झाली.’ झाली नाही. मार्च २०१० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत फेलिक्स ऑर्टिझ या सदस्याने एक विधेयक मांडलं होतं. उपाहारगृहात पदार्थ बनवताना कोणत्याही रूपात मीठ वापरायचं नाही, वापरलं तर दर वेळी हजार डॉलरपर्यंत दंड, असं त्यात होतं. ते मंजूर झालंच नाही. न्यूयॉर्क शहरात प्रत्यक्ष नियम आला तो डिसेंबर २०१५ मध्ये, आणि तो अगदी निराळा होता. देशभरात १५ किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी, ज्या पदार्थात २,३०० मिलिग्रॅम किंवा जास्त सोडियम आहे, त्याच्या नावापुढे त्रिकोणात मीठदाणीचं चित्र छापायचं. सोडियम हा मिठातला घटक, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे २,३०० मिलिग्रॅमचं साधारण पावणेसहा ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसासाठी सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅमच्या आतली आहे. एका प्लेटमध्ये दिवसभराहून जास्त मीठ असेल तरच तो त्रिकोण येतो. आचाऱ्याचा हात कोणी धरलेला नाही.

जिथे कायद्याने खरोखर मर्यादा घातली, तिथे ती कारखान्यातल्या मालावर घातली. दक्षिण आफ्रिकेने जून २०१६ पासून पावाला १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा लावली आणि २०१९ मध्ये ती ३८० वर आणली. वेफर्स, सूपची पावडर, प्रक्रिया केलेलं मांस यांनाही मर्यादा आहेत. ब्रिटनने दंडाऐवजी पदार्थवार उद्दिष्टं ठरवून दिली. तिथे २००१ मध्ये माणशी रोजचं मीठ साधारण साडेनऊ ग्रॅम होतं, ते २०११ पर्यंत ८.१ वर आलं.

‘इन्स्पेक्टर मोजणार कसं?’ मीठ मोजणं अवघड नाही. पदार्थाचा लगदा करून गरम पाण्यात मीठ उतरवून घ्यायचं, गाळायचं, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकायचे आणि सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचं. पिवळ्या द्रावणाला विटकरी छटा येऊन टिकली की थांबायचं. ०.१ नॉर्मल (ठरलेल्या तीव्रतेच्या) सिल्व्हर नायट्रेट द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर ५.८४ मिलिग्रॅम मीठ दाखवतो. चुका होतात त्या दोन ठिकाणी. कढी, दहीवडा असे आंबट पदार्थ तसेच तपासले तर शेवटचा रंग नीट उमटत नाही, म्हणून आधी आंबटपणा मारावा लागतो. दुसरं, ही रीत क्लोराइड मोजते, त्यामुळे खायच्या सोड्यातलं आणि अजिनोमोटोतलं सोडियम तिला दिसत नाही. सोड्यात वजनाच्या २७ टक्के सोडियम असतं, अजिनोमोटोत १२ टक्के. ते धरायचं तर फ्लेम फोटोमीटर, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून सोडियम मोजणारं यंत्र, हवं.

मोजता येतं, पण हाताने केलेल्या प्रत्येक प्लेटला कायद्याची मर्यादा लावता येणार नाही, आणि इथे संदेशाचं म्हणणं रास्त आहे. वाफेवरच्या परातीत पोह्यांचा नवा घाणा जुन्यात मिसळतो, एकाच परातीतल्या दोन प्लेटी सारख्या निघत नाहीत. गराडूवर (तळलेल्या कंदावर) जीरावण, म्हणजे वरून टाकायचा खारा मसाला, भुरभुरणारा हात दर खेपेला वेगळा पडतो. अशा ठिकाणी दंडाचा नियम केला तर तो पाळलाही जाणार नाही आणि लाच खायला एक नवी वाट मात्र होईल. आमचं म्हणणं असं की नियम तिथे लावावा जिथे माल तोलून बनतो: शेव-नमकीन, पाव, सॉस, तयार मसाले आणि जीरावण. शिवाय साखळी हॉटेलांच्या मेन्यूवर.

हे का, ते पोह्यांच्या एका प्लेटवरून बघा. एक किलो कोरड्या पोह्यांना ३० ग्रॅम मीठ पडलं आणि १४ प्लेटी निघाल्या असं धरू. प्लेटमागे २.१ ग्रॅम झालं. वर २५ ग्रॅम शेव येते. शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर ते २ ग्रॅम मीठ, म्हणजे आपल्या मूठभर शेवेत अर्धा ग्रॅम. एक ग्रॅम जीरावण भुरभुरलं आणि त्यातला तिसरा हिस्सा मीठ व काळं मीठ असला, तर आणखी ०.३. बेरीज २.९ ग्रॅम. सकाळचे नऊ वाजायच्या आत दिवसाच्या मिठातलं निम्म्याहून जास्त संपलं. उसळ-पोहे घेतले तर रश्श्याचं मीठ वेगळं.

चूक कुठे होते ते या हिशेबात दिसतं. पोहे करणारा पोहे नुसते चाखून मीठ लावतो. शेव करणारा शेव नुसती खाल्ली जाईल असं धरून मीठ घालतो. जीरावणवालाही तेच करतो. प्रत्येकाचं मीठ आपापल्या जागी बेताचंच असतं, पण प्लेटमध्ये तिघं एकत्र येतात. सुधारायचं तर पोह्यांचं मीठ शेव आणि जीरावण टाकून चाखावं. तसं केलं की किलोला ३० ऐवजी २४ ग्रॅम पुरतं आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. पण शेवेत किती आहे हे ठेल्यावाल्याच्या हातात नाही, ते भट्टीवर ठरतं. म्हणून तिथे मर्यादा हवी. एका भट्टीची शेव शेकडो ठेल्यांवर जाते, आणि तिथे मीठ तोलूनच पडतं.

‘मीठ कमी केलं की चव गेली.’ एका रात्रीत निम्मं केलं तर जाईलच, पदार्थ अळणी लागेल. पण साधारण १० टक्क्यांची घट बहुतेकांच्या जिभेला कळत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी तेवढी घट करत गेलं तर जीभ सोबत येते. दोन-तीन महिने कमी मिठावर राहिलेल्या माणसाला आधीचाच पदार्थ खारट लागायला लागतो. अट एकच: सगळ्यांनी बरोबर कमी करायला हवं. एका दुकानाने एकट्याने केलं तर शेजारचा ‘जास्त चवीचा’ ठरतो. व्यापारी स्वतःहून का करत नाहीत याचं उत्तर हेच आहे, आणि सगळ्यांना एकच नियम लागू असण्यात दुकानदाराचंही हित आहे.

स्वयंपाकघरात करायच्या गोष्टी सोप्या आहेत. हॉटेलात दिवसभराची ग्रेव्ही सकाळी मीठ घालून उकळत ठेवतात, ही मोठी चूक. १० लिटरला ८० ग्रॅम मीठ घातलं आणि ती आटून ८ लिटर झाली, की ०.८ टक्क्याचं १ टक्का झालं. मग ऑर्डर आली की आचारी सवयीने आणखी चिमूट टाकतो, वर खारं बटर येतं. ग्रेव्ही बिनमिठाची ठेवावी आणि मीठ प्लेटमागे शेवटी द्यावं. भुट्ट्याच्या किसाचंही तेच, दूध आटायच्या आधी मीठ घातलं की शेवटी खारट होणारच. मीठ देण्यासाठी मिठाचं पाणी सर्वांत चांगलं: १०० ग्रॅम मीठ विरघळवून पाण्याने एकूण १ लिटर करा, मग १० मिलीच्या पळीत नेमकं १ ग्रॅम येतं. डाळ, रस्सा, ग्रेव्हीला हे चालतं. पोह्यांना जास्तीच्या पाण्याने लगदा होतो, त्यांना किलोमागच्या मीठ-साखर-हळदीच्या पुड्या तोलून ठेवाव्यात. चमच्यावर विसंबू नये. बारीक मिठाचा सपाट चमचा ६ ग्रॅमच्या आसपास भरतो, खड्याच्या मिठाचा बराच कमी, आणि पिशवी बदलली की सगळा अंदाज चुकतो. चाखणाऱ्यानेही दर खेपेला पाण्याने तोंड खळखळून घ्यावं. सकाळपासून मसाले चाखलेल्या जिभेला दुपारी सगळंच अळणी लागतं.

तळणीत मीठ आत कमी आणि वर बारीक भुरभुरलं तर तेवढ्याच चवीला कमी पुरतं, कारण जिभेला ते आधी भेटतं. लिंबू, आमचूर, भाजलेलं जिरं यांनीही मिठाची उणीव भरून निघते. चायनीजच्या गाडीवर सोया सॉसकडे बघा: एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. सॉस घातल्यावर वेगळं मीठ लागत नाही.

काही ठिकाणी मात्र मीठ चवीपलीकडचं काम करतं, तिथे सरसकट कात्री चालणार नाही. पावाच्या कणकेत मैद्याच्या २ टक्के मीठ असतं. ते दीडवर आणता येतं, यीस्ट किंचित कमी करून. १ टक्क्याखाली गेलं की कणीक चिकट होते, भराभर फुगते आणि पाव जाळीदार, भरड निघतो. कैरीच्या लोणच्यातलं मीठ ते टिकवतं, ते कमी केलं तर बुरशी येईल. लोणचं कमी वाढावं, त्याचं मीठ कमी करू नये. मर्यादा पदार्थवार हव्यात त्या याचसाठी.

‘ज्याला चालत नाही त्याने खाऊ नये.’ हा युक्तिवाद माणसाच्या स्वातंत्र्याचा वाटतो, पण ताटाचा विचार केला तर उलटा पडतो. आपल्या पंगतीत डाव्या बाजूला मीठ आणि लिंबू वाढतात. ज्याला कमी वाटेल त्याने कालवून घ्यावं, यजमानाने सगळ्यांच्या वतीने ठरवू नये. मीठ वरून घालता येतं, शिजलेल्यातून काढता येत नाही. आत आधीच भरपूर असेल तर निवड खाणाऱ्याची राहत नाही, आचाऱ्याची होते. आणि प्लेटमध्ये किती आहे हे कळलंच नाही तर खाऊ नये म्हणजे नेमकं काय खाऊ नये? आपल्याकडच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० व त्याहून जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात. त्याच ओळीत मिठाचे ग्रॅम लिहिले, तर रक्तदाबाचा रुग्ण स्वतः निवडू शकेल. छोट्या हॉटेलाला प्रयोगशाळा नको: महिन्यात ३० किलो मीठ आलं आणि ९,००० प्लेटी गेल्या, तर सरासरी ३.३ ग्रॅम. भाज्या उकळलेल्या पाण्याबरोबर फेकलं जाणारं मीठ त्यातून वजा करावं.

हेही सांगायला हवं की आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातून पोटात जातं, त्यामुळे फक्त हॉटेलं सुधारून काम भागणार नाही. पण घरचा चमचा घरच्यांच्या हातात आहे, बाहेरचा नाही.

‘उन्हात घामावाटे मीठ जातं.’ जातं, लिटरभर घामात साधारण १ ते ४ ग्रॅम. उन्हाची सवय झालेल्या शरीराच्या घामात ते कमी होत जातं. मे महिन्यात बांधकामावर किंवा तंदूरपुढे उभ्या असलेल्या माणसाचा लिटर लिटर घाम जातो, त्याला मीठ घातलेलं ताक, ओआरएस हवंच. पण ओआरएसच्या अख्ख्या लिटरात मीठ २.६ ग्रॅम असतं, सायट्रेटमधलं सोडियम वेगळं. संध्याकाळी गार हवेत छप्पन दुकान या खाऊगल्लीत फिरायला आलेल्या कुटुंबाच्या प्लेटमध्ये त्याहून जास्त कशाला? जो घाम गाळतो त्याला मीठ मोजून द्यावं, सगळ्या शहराला नकळत खाऊ घालू नये.

‘सैंधव वापरा.’ सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. काळं मीठही तेच, त्याचा वास गंधकाच्या संयुगांचा. ग्रॅमला ग्रॅम रक्तदाबावर परिणाम सारखाच, वर सैंधवात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. खरोखर वेगळं आहे ते पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर त्याची चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले: ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण ते घरात, आपल्या माणसांच्या तब्येती माहीत असताना वापरायचं मीठ आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या, किंवा रक्तदाबाच्या काही ठराविक गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हॉटेलवाल्याला समोर कोण बसलं आहे ते माहीत नसतं. म्हणून हॉटेलात हे मीठ न सांगता वापरू नये. वापरलंच, तर मेन्यूवर ठळक अक्षरांत ‘पोटॅशियमयुक्त मीठ’ असं लिहावं.