फांद्यांचे बारीक तुकडे करणाऱ्या छोट्या चिपरबद्दलच्या ‘त्या’ मेसेजविषयी खुलासा

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अडीच किलोवॅटचा इलेक्ट्रिक चिपर घ्या. ४५ मिलिमीटरपर्यंतची कुठलीही फांदी जाते, नारळाच्या झावळ्याही. कुठल्याही सॉकेटवर चालतो.’ वर्गणी काढण्याआधी कृपया हे वाचा.

४५ मिलिमीटर ही कमाल मर्यादा आहे, रोजचं काम नव्हे. फांदीची जाडी दुप्पट झाली की कापायच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं. जास्वंद, कडीपत्ता, मेंदी यांच्या अंगठ्याएवढ्या ओल्या फांद्या सहज जातात. वाळलेल्या सुबाभळीची ४५ची फांदी घातली, तर मोटर थांबते. म्हणून छाटणी झाली की फांद्या वाळू न देता लगेच घाला. पावसाळ्याआधी गुलमोहराचे जे जाड ओंडके निघतात, ते या मशीनचं काम नाहीच.

झावळ्यांचे लांब, चिवट धागे फिरत्या भागाला गुंडाळतात आणि मशीन अडकतं. तुमच्याकडे नारळ जास्त असतील, तर खास झावळ्यांसाठी बनवलेला श्रेडरच बघा, आणि विकत घेण्याआधी आपलीच झावळी घालून चालवून दाखवायला सांगा.

सॉकेटचं म्हणाल, तर २.५ किलोवॅटला २३० व्होल्टवर सुमारे ११ अँपिअर लागतात. ६ अँपिअरचा साधा प्लग तापेल. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा पॉइंट हवा; बारीक वायरचं एक्स्टेन्शन नको.

मेसेजमध्ये नसलेली, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: स्विच बंद केल्यावरही पाती काही क्षण फिरत राहतात. फांदी अडकली तर आधी प्लग काढा, पाती थांबू द्या, मगच झाकण उघडा. माळीदादांनाही हे समक्ष दाखवा.